हेलिकॉप्टरचा वैमानिक : देशोदेशींच्या अटी
(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या येडशी परिसरात हेलिकॉप्टर दिसते ते बहुधा निवडणुकीच्या सभेला. परंतु सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंडा तालुक्यात पाण्याने वेढलेली माणसे याच यंत्राने बाहेर काढली. असे यंत्र चालविणारा वैमानिक कसा घडतो आणि आपल्यापैकी कोणाला तसे होता येईल काय, हे या लेखात पाहावयाचे आहे.

हेलिकॉप्टर हवेत जागच्या जागी तरंगू शकते. त्यासाठी वैमानिकाचा डावा हात यंत्र वर-खाली नेणाऱ्या दांड्यावर, उजवा हात दिशा देणाऱ्या दांड्यावर आणि दोन्ही पाय पेडलवर सतत काम करीत असतात. इंजिन बंद पडले, तर फिरत्या पात्यांच्या आधारे सुखरूप उतरावयासही शिकावे लागते. म्हणूनच परवान्यापूर्वी प्रत्येक देश उड्डाणाचे ठरावीक तास मागतो.

व्यावसायिक परवान्यासाठी भारतात १५० तास लागतात. अमेरिकेतही साधारणपणे १५०च. त्यांपैकी निदान ५० हेलिकॉप्टरचे हवेत. सलग अभ्यासक्रम केल्यास ऑस्ट्रेलियात १०५ आणि युरोपात १३५ तास पुरतात. कॅनडात १०० तास लागतात. वयाची अट या सर्व ठिकाणी १८ वर्षांचीच आहे. वैद्यकीय तपासणीही कोठे चुकत नाही.

खरा फरक आहे तो प्रवेशाच्या दारातच. अमेरिकेत इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता आणि समजता आले पाहिजे. शाळेत कोणते विषय घेतले होते, हे विचारीत नाहीत. भारतात मात्र १९९० च्या दशकात बारावीला भौतिकशास्त्र व गणित असण्याची अट आली. त्यापूर्वी दहावी उत्तीर्ण असणे पुरे होते. ही अट काढून कला व वाणिज्य शाखांनाही वाट द्यावी, असा प्रस्ताव २०२५ साली पुढे आला. अटीमुळे अडलेले कित्येक विद्यार्थी मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देतात.

दुसरी अडचण पैशाची. हेलिकॉप्टरचा एकेक तास महाग असतो आणि सारा खर्च लाखांत जातो. नाशिकला २००३ पासून भूदलाचे हेलिकॉप्टर प्रशिक्षण विद्यालय आहे. तेथील खर्च सरकार करते, पण त्यासाठी आधी सैन्यात अधिकारी व्हावे लागते. याच विद्यालयातून मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या.

ज्या घरातून प्रथमच कोणी कॉलेजात येते, त्या घरात दहावीनंतर शाखा निवडताना सल्ला द्यावयास कोणी नसते. जवळ जे कॉलेज असेल आणि जेथे फी परवडेल, तीच शाखा घेतली जाते. त्या एका निवडीने पुढची वाट कायमची बंद व्हावी, हे न्याय्य वाटत नाही. परवान्यासाठी दिशाशोधन, हवामानशास्त्र व तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षा द्याव्याच लागतात. ज्याला गणित जमणार नाही, तो तेथे मागे पडेलच. तेव्हा उड्डाणाच्या तासांत सवलत नको. परीक्षाही कठीणच असावी. मात्र तिला बसण्याची संधी कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही मिळावी, एवढीच अपेक्षा आहे.