समुद्रातले हिवाळी पाहुणे

माझा मामा मुंबई हायला स्वयंपाकी आहे. हे ठिकाण मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात आहे. तिथे १९७४ साली तेल सापडले. लोखंडी खांबांवर मोठे मचाण बांधतात, त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. मामा चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस घरी असतो.

हिवाळ्यात दमलेले पक्षी प्लॅटफॉर्मवर बसतात. आजूबाजूला दुसरी जागाच नाही ना! कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी. त्यांच्या डोळ्यांच्या वर मिठाच्या ग्रंथी असतात. ते खारे पाणी पितात आणि जास्तीचे मीठ नाकातून थेंब थेंब बाहेर पडते. आपल्याला हे जमत नाही.

रात्री तिथे वायूची ज्योत जळते. उजेडाला भुलून पक्षी तिच्याभोवती फिरत राहतात आणि थकतात. एकदा एक सुरय मामाच्या पायाशी पडला. मामाने त्याला खोक्यात अंधारात ठेवले. सकाळी झाकण काढले तर भुर्रकन उडाला! पुढच्या खेपेला पडलेला मात्र वाचला नाही. मला फार वाईट वाटले.

मामाने मला वही दिली. दर रविवारी मी जेटीवरून कुरव मोजतो. तारीख, वेळ, संख्या लिहितो. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडून येतात. पण हिवाळ्यात त्यांचे डोके पांढरे होते, कानामागे फक्त काळसर ठिपका राहतो. मार्चमध्ये डोकी तपकिरी झाली तेव्हा मला वाटले, नवेच पक्षी आले! मी तसे वहीत लिहिले होते. मग खोडले.

मित्रांनो, तुम्हीपण मोजायला या. जेटीवर दगड मात्र मारायचे नाहीत.

– इयत्ता ४ थी