विजेच्या दिव्याचा शोध कोणाचा?

आजच्या छत्तीसगडमधील भिलाई येथील पोलाद कारखाना भारताने सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारला. १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सोव्हिएत अभियंते तेथे भारतीय अभियंत्यांच्या व कामगारांच्या बरोबरीने काम करीत. विजेच्या दिव्याचा शोध कोणी लावला, असे त्या काळी तेथे कोणी विचारले असते, तर एकाच कारखान्यात बहुधा दोन उत्तरे मिळाली असती. भारतीय माणसाने एडिसन यांचे नाव घेतले असते. सोव्हिएत अभियंत्याने मात्र अलेक्सांद्र लोदिगिन यांचे, कारण त्याच्या देशात शाळेपासून तेच शिकवीत.

लोदिगिन यांचा दावा पोकळ नव्हता. काचेच्या बंद पात्रात कर्बाची कांडी बसवून तिच्यातून विद्युतप्रवाह सोडला, की ती तापून प्रकाश देई. अशा दिव्याचे पेटंट त्यांना १८७४ साली रशियात मिळाले. एडिसन यांनी या विषयाला हात घातला तो चार वर्षांनंतर! इंग्लंडमधील जोसेफ स्वान तर १८६०च्या सुमारासच जाळून कर्बमय केलेल्या कागदावर प्रयोग करीत होते. अडचण हवेची होती. पात्रात थोडी जरी हवा राहिली, तरी तापलेला कर्ब जळून जाई. पाऱ्यावर चालणारा चांगला निर्वात पंप उपलब्ध झाल्यावर ही अडचण दूर झाली आणि ३ फेब्रुवारी १८७९ रोजी न्यूकॅसल येथे स्वान यांनी आपला दिवा लोकांना लावून दाखविला.

एडिसन यांचा दिवा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधला. मग त्यांचे श्रेय कोणते? ते तंतूच्या जाडीत आहे. स्वान यांची कांडी जाड, म्हणून तिचा रोध कमी. असे दिवे घरोघरी लावायचे, तर प्रवाह मोठा लागे आणि त्यासाठी तांब्याच्या जाड तारा. हा खर्च कोणालाच पेलला नसता. एडिसन यांनी कर्बमय केलेल्या सुती दोऱ्याचा बारीक, अधिक रोधाचा तंतू वापरला. तो थोड्या प्रवाहावर उजळे, त्यामुळे बारीक तारांवर काम भागे. १८८२ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये वीजकेंद्र उभारून एका वस्तीला वीज पुरविली. दिव्यामागची ही व्यवस्था लोदिगिन वा स्वान यांनी उभी केली नव्हती, हे मान्य करावेच लागते.

इंग्लंडमधील वाद तडजोडीने मिटला. १८८३ साली एडिसन व स्वान यांची संयुक्त कंपनी निघाली. अमेरिकेत मात्र खटले रेंगाळले. १८९२ साली वरिष्ठ न्यायालयाने एडिसन यांचे पेटंट ग्राह्य धरले, तेव्हा त्याची जेमतेम दोन वर्षे उरली होती.

लोदिगिन पुढे अमेरिकेत गेले. कर्ब सोडून त्यांनी टंगस्टनसारख्या धातूंच्या तंतूंवर पेटंट घेतले. ते विकत घेतले जनरल इलेक्ट्रिक कंपनीने, म्हणजे एडिसन यांच्याच उद्योगातून निघालेल्या कंपनीने.