फॉल्स सीलिंगवर थर्माकोल अंथरू का?

प्रश्न : आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. उन्हाळ्यात फॉल्स सीलिंगवर थर्माकोल अंथरला, त्यात दिवे झाकले गेले तर चालेल का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अजिबात नको. एलईडी समोरून गार लागला तरी त्याची उष्णता मागून बाहेर पडते. ती कोंडली की दिव्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर लवकर जातो. शिवाय थर्माकोल पेटतो, आणि त्याला चिकटलेल्या पीव्हीसी वायरचं आवरण कालांतराने कडक होऊन तडकतं. हे फारसं कुणी सांगत नाही. त्याऐवजी रॉकवूल (दगडी तंतूंची उष्णतारोधक लोकर) वापरा, दिव्याभोवती तीन इंच जागा सोडा, वरची बाजू मोकळी ठेवा. जुने हॅलोजन असतील तर आधी काढा. पण सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की खरा तापतो तो स्लॅब. त्यामुळे पहिला खर्च गच्चीवरच्या पांढऱ्या उष्णतारोधक रंगावर करा.