पुण्याहून परत आलेल्या नातीस

पोरी, आधी एक काम कर. तुला अधिकारी कशासाठी व्हायचं होतं, ते कागदावर लिही. पद, गाडी, मान यातलं काही लिहायचं नाही. शाळेत असताना तू म्हणायचीस, तहसील कचेरीत बायाबापड्यांना हेलपाटे घालावे लागतात, ते थांबवायचेत. ते काम खुर्ची नसतानाही होतं. वारसनोंद, पीकविमा, संजय गांधी निराधारचा अर्ज, हे कागद नीट भरून देणारं माणूस गल्लीत नाही. तू इतकं वाचलंस, ते परीक्षेपुरतं नव्हतं.

तुमची राज्यसेवेची पूर्व परीक्षा 5 एप्रिल 2020 ला होती. टाळेबंदी आली, तारीख पुढं ढकलली, पुन्हा ढकलली, शेवटी 21 मार्च 2021 ला पेपर झाला. त्या एका वर्षात तुझा दोष शोधत बसू नकोस. तेव्हा आमचंही सगळं अडलं होतं. टाळेबंदी लागली तेव्हा द्राक्षबागेतला माल काढणीला आला होता आणि व्यापाऱ्याची गाडी आपल्या कवठे महांकाळात फिरकेना. द्राक्ष वेलीवर थांबत नाही. आम्ही घड उतरवले, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवले, शेडमधल्या जाळ्यांवर पसरले. पंधरवडाभर उन्हाळी वारं खाल्लं की मणी आक्रसतो, बोटानं दाबला की रस न येता नुसता चिवट लागतो. चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा. वजन गेलं, पण माल शीतगृहात थांबला आणि भावाची वाट बघता आली.

यातली खरी गोष्ट बेदाण्याची नाही, शेडची आहे. शेड, जाळ्या, काम येणाऱ्या बायका, सगळं आधीपासून होतं म्हणून निभावलं. त्या आठवड्यात बांबू आणायला निघालो असतो तर बाग सडली असती. म्हणून दुसरं काम शिकायचं ते पहिलं चालू असतानाच. अभ्यास करायचा तर कर, पण सोबत बेदाण्याचे हिशेब शिक, नाहीतर शिष्यवृत्तीच्या पोरांना गणित शिकव. रोज दोन तास पुरे.

पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर खुशाल दे. मात्र शेवटचा प्रयत्न कोणता, हे फॉर्म भरतानाच ठरव आणि घरात सांगून टाक. निकालाच्या दिवशी माणूस रागाच्या नाहीतर आशेच्या भरात ठरवतो आणि दोन्ही वेळा फसतो. खुल्या गटाला वयाची अट 38 वर्षांची आहे. ती अट आहे, सल्ला नव्हे.

कमी दर्जाचं काम, हा शब्द तोंडातून काढू नकोस. बाहत्तरच्या दुष्काळात, पदरी जमीन असताना, माझे आईबाप खडी फोडायला गेले. शेजारच्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, वि. स. पागे यांनी हाताला काम देण्याचा जो प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 ला कायदा झाला. कामाचा हक्क ही आपल्याच मातीतून निघालेली गोष्ट आहे. खानापूर-आटपाडीकडची आणि आपल्याही भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर गेली. कुणब्याची पोरं मूस आणि भट्टी शिकली, तेजाबात चांदी विरघळवून सोनं वेगळं काढायला शिकली. त्यांच्यातल्या कित्येकांनी तिकडून पैसा पाठवून इथं विहिरी पाडल्या. शेतकरी म्हणून जगण्यासाठीच त्यांनी काही वर्षं शेती सोडली होती. हे मला फार मोठं वाटतं.

क्लासच्या फीसाठी सोनं गहाण टाकायचं नाही. मैत्रिणी पास झाल्या म्हणून त्यांचा फोन टाळायचा नाही. काम सांगतील तर त्याच सांगतील. सकाळी उठायची तुझी वेळ मोडू देऊ नकोस, कारण मन आधी तिथंच ढासळतं. आणि रडू आलं तर आजीजवळ रड, माळ्यावर एकटी बसून नको.

राहिला लग्नाचा विषय. तो तुझं तू ठरवेपर्यंत या घरात निघणार नाही. तुझ्या बापाला मी तसं सांगितलं आहे आणि पाहुण्यांनाही मीच सांगेन.