आधी ब्रेक, मग वेग

चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टाई येथील शर्यतमार्गावर लहान मोटार नेऊ इच्छिणारा हौशी चालक प्रथम एंजिनाची शक्ती वाढवू पाहतो. परंतु वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते आणि ती बहुतांशी ब्रेकांनाच उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट-३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असतो, ओलावा मुरल्यावर तो १४०° से.पर्यंत उतरू शकतो. तेल उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ लागते. पेडल घट्ट असूनही गाडी थांबेना, तर दोष तापलेल्या पॅडांचा समजावा. म्हणून दमट किनारी हवेत तेल बदलणे हीच पहिली सुधारणा होय.