आईला लस का ‘लागली’ नाही?

आपल्या मराठी विभागात कविता अन् सहलीची वर्णनं भरपूर येतात. मी यंदा थोडं शास्त्र घेऊन आलोय. कारण मात्र घरचंच आहे.

माझी आई मलकापूरला एका दवाखान्यात नर्स आहे. रोज सुया आणि रक्ताशी संबंध, म्हणून तिने हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तावाटे पसरणाऱ्या काविळीच्या लशीचे तिन्ही डोस घेतले. नंतर रक्त तपासलं. संरक्षणासाठी मिलिलिटरमागे निदान १० मिलि-इंटरनॅशनल युनिट प्रतिपिंडं लागतात. आईचा आकडा आला २! दिवाळीत घरी गेलो तर म्हणाली, “जिंदगीभर दुसऱ्याले सुया टोचल्या रे बाप्पा, अन् मलेच लस काहून नाई लागली? मह्यातच काही खोट हाये का?”

मला उत्तर देता आलं नाही. हॉस्टेलला परतल्यावर लायब्ररीत बसलो आणि वाचत गेलो. पहिली गोष्ट कळली, की आई एकटी नाही. निरोगी प्रौढांतही शंभरातल्या ५ ते १० जणांना ही लस तीन डोसांनी लागत नाही. पण का?

पहिल्या वर्षाचं वर्कशॉप आठवा. फायलिंगचा जॉब आधी बेंच व्हाइसमध्ये घट्ट पकडावा लागतो. पकड नीट बसली नाही तर फाइल चालतच नाही. शरीरातही तसंच आहे. काही पेशी लशीतलं प्रथिन गिळून त्याचे तुकडे करतात आणि ते ‘एचएलए’ नावाच्या रेणूच्या खाचेत पकडून बाहेर दाखवतात. मदतनीस टी पेशी तो तुकडा ओळखते, बी पेशीला इशारा देते आणि मग प्रतिपिंडं भरपूर बनतात. तुकडा खाचेत नीट बसला नाही, तर पुढचं सगळं काम रेंगाळतं.

या खाचेचा आकार ठरवणारी जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. अर्धी आईकडून, अर्धी वडिलांकडून. त्यांचे हजारो प्रकार आहेत, म्हणून तर किडनी देताना ती जुळवून बघतात. डीआरबी१*०३ आणि डीआरबी१*०७ हे प्रकार असलेल्यांत हिपॅटायटिस बीची लस न लागण्याचं प्रमाण जास्त आढळलंय. जर्मनीत जुळ्यांवर झालेल्या अभ्यासात (२००२) या लशीच्या प्रतिसादातल्या फरकाचा साधारण ६० टक्के भाग आनुवंशिक निघाला.

आता पुण्याकडे वळू. तिथे सीरममध्ये बनलेली कोव्हिशील्ड २०२१ मध्ये आपल्यापैकी बहुतेकांनी घेतली. मूळ लस ऑक्सफर्डची. तिच्या ब्रिटनमधल्या चाचण्यांत डीक्यूबी१*०६ हा प्रकार असलेल्यांत प्रतिपिंडं जास्त आढळली. म्हणजे लस बदलली की फायद्याचा प्रकारही बदलतो. एका लशीला कच्ची पडलेली खाच दुसऱ्या रोगाच्या वेळी कामी येऊ शकते. सगळ्या गावाची खाच एकसारखी असती, तर एखाद्या साथीत सगळं गावच आडवं झालं असतं!

अर्थात सगळा दोष जनुकांवर ढकलू नका. चाळिशीपुढचं वय, लठ्ठपणा आणि धूम्रपान यांनीही या लशीचा प्रतिसाद घटतो. (हॉस्टेलमागे धूर काढणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) आईचे एचएलए कुणी तपासलेले नाहीत आणि तिचं वयही पन्नाशीजवळ आहे. तेव्हा तिच्या बाबतीत नेमकं कारण कोणतं, हे मी सांगू शकत नाही.

पण उपाय आहे. तीन डोस पुन्हा द्यायचे आणि एक-दोन महिन्यांनी परत तपासायचं. दुसऱ्या खेपेला अनेकांना लस लागते. नाहीच लागली, तरी सुई टोचल्याबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन घेता येतं. मात्र त्यासाठी आपल्याला लस लागलेली नाही हे आधी माहीत हवं. म्हणून तो ‘२’ आकडा मला आता वाईट बातमी वाटत नाही.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हंजे खोट नाई, खाच हाये!” दुसऱ्या खेपेचा पहिला डोस तिने मागच्या सोमवारी घेतला.

तुमच्या घरीही कुणी दवाखान्यात काम करत असेल, तर एक विचारा: लस घेतली, पण आकडा बघितला का?