चार आकडे पाठ करा

शेजारच्या खोलीतून रोज मूल कळवळून रडते. चहाच्या टपरीवर नऊ-दहा वर्षांचा पोर रात्री ११ पर्यंत पेले धुतो. कालपर्यंत बडबडणारी मुलगी एकाएकी गप्प झाली. एका माणसाला पाहिले की ती दाराआड लपते. आपण हे पाहतो आणि म्हणतो, "दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचे?"

मंडळी, शेजारच्या घराला आग लागली तर आपण असे म्हणतो का? घागर घेऊन धावतोच ना? मग मुलासाठीही धावले पाहिजे.

त्यासाठी चार आकडे पाठ करा : १, ०, ९, ८. हा मुलांच्या मदतीचा फोन. त्याला पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्री केव्हाही लागतो. मूल स्वतःही तो लावू शकते. जीवावरच बेतले असेल, तर ११२ लावा.

हा फोन आपल्या उपनगरातलाच. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया या बाई शिकवीत. रस्त्यावर, स्टेशनावर राहणारी मुले अडचणीत सापडली की त्यांना घरी फोन करीत. त्यातून १९९६ साली ही सेवा सुरू झाली. २०२३ पासून ती सरकार चालवते.

फोनवर काय सांगावे? डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, तेवढेच. कोणता दिवस, किती वाजता, कोठे. आता तुम्हाला लिहिता येते. कागदावर टिपून ठेवा. पदरचे काही घालू नका. पुरावा शोधणे आपले काम नाही. मुलाला खोदून खोदून विचारू नका. चारचौघांत त्याचे नाव घेऊ नका.

कायद्याने १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ठाऊक असून न कळवणे, हा २०१२ च्या कायद्याने गुन्हा आहे. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर मात्र खटला होत नाही.

कोणी म्हणेल, "मग पोराला आईबापांपासून तोडतील." तसे नाही. संकटातल्या मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेतात. घर सुरक्षित असेल, तर मूल घरीच राहावे, असा कायद्याचा कल आहे.

खबर देणे म्हणजे चहाडी नव्हे. चहाडी दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून करतात. खबर मूल वाचावे म्हणून देतात.

प्रश्न
१. फोनवर कोणत्या गोष्टी सांगाव्यात?
२. खबर आणि चहाडी यांत फरक काय?
३. तुमच्या घरातल्या मुलांना हे चार आकडे येतात का? नसतील तर आजच शिकवा.